पाहुणीच्या स्लाइड्स

मुलं त्यांना सेव्हबाई म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर नुसतं बाई. हे नाव मुळात कोणी ठेवलं ते शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं, पण इतकं चपखल बसलं होतं की जुनी मुलं शाळा सोडून जाताना ते नव्या मुलांच्या हवाली करून जात. बाईंचं दर दुसरं वाक्य "सेव्ह केलंत का?" असं असे. वीज जावो, माउस अडको, कोणी रुसो, बाईंचा पहिला प्रश्न तोच. एकदा एका मुलीला लॅबमध्ये चक्कर आली. बाईंनी तिला बाकावर आडवं केलं, तोंडावर पाणी मारलं, वारा घातला, आणि तिने डोळे उघडल्याबरोबर विचारलं, "फाइल सेव्ह होती ना गं?" ही गोष्ट शाळेत अजून सांगतात, आणि ती खरी आहे.

बाई मूळच्या शिक्षिका नव्हेत. शाळेच्या ऑफिसात त्या टायपिस्ट होत्या. मग एक दिवस खोक्यांमधून कॉम्प्युटर आले आणि ते शिकवायला माणूस नव्हता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, चहूकडे नजर फिरवली ती टायपिस्टवर येऊन थांबली, कारण बोटांकडे न बघता अक्षरं उमटवणारी साऱ्या शाळेत ती एकटीच. "जमेल तुम्हाला," मोठ्या बाई म्हणाल्या. जमेल का, असं त्यांनी विचारलं नाही. तसं बाईंना आयुष्यात काय व्हायचंय हे कुणीच कधी विचारलं नव्हतं. वडील लवकर गेले, दादाच्या संसाराला हातभार हवा होता, आणि टायपिंगचा क्लास घराजवळ होता. झालं. लग्नाचं कोणी मनावर घेतलं नाही आणि पुढे बाईंनीही घेतलं नाही. दादा-वहिनींच्या घरात मागची खोली त्यांची, आणि शाळेत वरच्या मजल्यावरची लॅब त्यांची.

म्हणूनच असेल, नववीच्या मुलांना त्या दरवर्षी जो प्रकल्प देत त्यात त्यांचा जीव गुंतलेला असे. 'मला काय व्हायचंय' या विषयावर स्लाइड्स बनवायच्या आणि साऱ्या वर्गासमोर उभं राहून बोलायचं. काम कोणतं, ते करणारं माणूस दिवसभर काय करतं, त्यासाठी काय शिकावं लागतं, त्यात त्रास कोणता, आणि शेवटी, मला ते का हवं. त्या दिवशी आईवडिलांनाही बोलावणं असे. कधी एखाद्या मुलाचे वडील मागे उभे राहून आपल्याच पोराकडे असे बघत, जणू आज पहिल्यांदा ओळख होते आहे.

बाईंचे नियम दोन. पहिला नियम अक्षरांचा. अक्षर शेवटच्या बाकावरून दिसलं पाहिजे. बाई स्वतः शेवटच्या बाकापर्यंत चालत जात, डोळे बारीक करत आणि निकाल देत. चौकट केसभर वाकडी असली तरी त्यांना खोलीच्या या टोकावरून कळे. दुसरा नियम, एका वर्गात एक काम एकदाच. हा नियम करायची पाळी आली, कारण पहिल्या वर्षी अर्धा वर्ग डॉक्टर झाला आणि उरलेला पायलट. तेव्हापासून सगळी मुलं सुरुवातीलाच आपापलं काम फळ्यावर लिहीत, बाई ते उतरवून कागद लॅबच्या दारावर चिकटवत, आणि नंतर येणाऱ्याने त्या कागदाबाहेरचं काहीतरी शोधायचं.

त्या वर्षी नंतर येणारी एकच होती. वर्गात तिला पाहुणी म्हणत. बिचारीला रक्ताचा आजार होता. महिन्यातले थोडे दिवस शाळेत, बाकीचे दवाखान्यात. एकदा वर्गात आली तेव्हा कोणीतरी "या पाहुण्या, बसा" म्हणालं आणि सगळ्यांत जास्त तीच हसली. डोक्याला कायम रुमाल बांधलेला, हातात पाण्याची बाटली, आणि जीभ अशी तिखट की शिक्षकसुद्धा जपून असत.

फळ्यावर कामं लिहिली गेली तेव्हा ती दवाखान्यात होती. परत आली तेव्हा बाईंनी तिला दारावरचा कागद दाखवला आणि म्हणाल्या, यातलं एकही घ्यायचं नाही हं. तिने तो कागद वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला आणि म्हणाली, "बरं झालं. माझं कुणी घेतलंच नाहीये."

गर्दीत बसायची तिला मनाई होती, म्हणून मधल्या सुट्टीत लॅब रिकामी असताना बाईंनी तिला स्वतःच्या मशीनवर बसवलं. बाकीचा वर्ग अजून माउस कसा धरावा यावर भांडत होता, तोवर हिच्या स्लाइड्स तयारही झाल्या. बाई शेवटच्या बाकाशी जाऊन उभ्या राहिल्या, डोळे बारीक केले. अक्षरं स्वच्छ दिसत होती. कडेला निळसर हिरवी पट्टी, आणि प्रत्येक शीर्षक डावीकडून हळूच आत यायचं, दारातून कोणी बिचकत डोकावावं तसं. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, चित्र जरा ताणलं गेलंय तेवढं सरळ कर, बाकी उत्तम. मग अर्थातच विचारलं, सेव्ह केलंस का. पोरगी म्हणाली, "तीनदा केलं बाई. तुमच्यासमोर बसलेय ना."

त्यानंतर ती पुन्हा दवाखान्यात गेली आणि यायची राहिली.

बाकीच्या वर्गाचं मात्र घोडं पुढे सरकेना. कोऱ्या स्लाइडसमोर मुलं पुतळ्यासारखी बसून राहत. तेव्हा बाईंना युक्ती सुचली. पाहुणीची मांडणी इतकी नेटकी होती, तीच सगळ्यांना द्यावी. शब्द आणि चित्रं तेवढी काढायची, चौकट, रंग, सरकणारी शीर्षकं तशीच ठेवायची. पोरांनी फक्त आपापला मजकूर भरायचा. एका सकाळी वर्ग भरण्याआधी बाईंनी तिची फाइल उघडली आणि एकेक चौकट रिकामी करत गेल्या. मग त्या फाइलला वेगळं नाव द्यायचं होतं. पण तेवढ्यात घंटा झाली, जिन्यावर पोरांचा दंगा ऐकू आला, आणि बाईंची बोटं, कीबोर्डकडे न बघता चालणारी ती बोटं, आपोआप सेव्हवर गेली. वर्षानुवर्षं ज्याचा घोशा लावला तेच त्यांनी केलं. आपलं काही चुकलं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. ती चौकट सगळ्या मशीनवर गेली, मुलांनी भराभर मजकूर भरला, आणि वर्गाचं काम एकदाचं मार्गी लागलं.

सुट्टीत पाहुणी कायमची गेली. शाळा पुन्हा भरली त्या दिवशी सगळे मिनिटभर उभे राहिले. तिच्या बाकावरची मुलगी उभी राहूनच रडली. बाईही रडल्या, लॅबचं दार लावून. असं कोवळं पोर जाण्यात काही अर्थ नसतो आणि कोणी तो काढूही नये.

काही दिवसांनी तिची आई शाळेत आली. लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करणारी बाई, मनगटावर जुन्या चटक्यांचे डाग, कामावरून तशीच आलेली. दारातच उभी राहिली. बाईंनी खुर्ची दिली तरी आधी बसेना.

"बाई, घरात आम्ही पुढचं काही बोलायचोच नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीचा युनिफॉर्म म्हटलं तरी मी विषय बदलायची. मोठी झालीस की काय होणार, असं लहान पोरांना शेजारपाजारचेसुद्धा विचारतात. मी आई असून तिला कधी विचारलं नाही. तिनेच एकदा सांगितलं, शाळेत लिहून ठेवलंय, सगळे बोलतील त्या दिवशी ये आणि ऐक. काय लिहिलंय ते सांग म्हटलं तर म्हणाली, आत्ता नाही, तू रडशील." मग तिने पदराने तोंड पुसलं. "एवढं दाखवा मला. तिला काय व्हायचं होतं, तेवढं कळू दे."

बाईंचा जीव भांड्यात पडला. एवढंच ना, ते तर आहेच. त्यांनी तिला आपल्या शेजारी बसवलं, पाहुणीच्या नावाची फाइल शोधली, ती होतीही तिथेच, आणि उघडली. निळसर हिरवी पट्टी आली. डावीकडून शीर्षकाची जागा हळूच सरकत आत आली, आणि तिच्यात लिहिलं होतं, शीर्षक लिहिण्यासाठी येथे क्लिक करा.

त्यांनी घाईघाईने पडदा बंद केला आणि मशीन बिघडलंय, दुरुस्त करून ठेवते, म्हणून सांगितलं. आईने लगेच मान डोलावली. यंत्रं बिघडतात हे तिला माहीत होतं. बोलायचा दिवस कधी आहे ते विचारून, त्या दिवशी येते म्हणून ती निघाली.

त्यानंतरचे दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. मशीन दुरुस्त करणारा माणूस आला, त्याने बरीच खटपट केली आणि हात टेकले. म्हणाला, नुसतं पुसलं असतं तर काढून दिलं असतं, पण तुम्ही त्याच्यावरच सेव्ह केलंय. हे तो सहज बोलून गेला. बाई मात्र त्यानंतर खुर्चीतून बराच वेळ उठल्या नाहीत.

पण फाइल गेली यापेक्षा वाईट गोष्ट निराळीच होती. ते शब्द बाईंनी स्वतःच्या हाताने पुसले होते, एकेक चौकट निवडून. त्याआधी शेवटच्या बाकावरून पाहिलेही होते. आणि आता त्यातला एक शब्द त्यांना आठवत नव्हता. अक्षर केवढं होतं ते आठवत होतं, पट्टीची रुंदी आठवत होती. चित्र ताणलेलं होतं हे आठवत होतं, पण कशाचं होतं? माणसाचं होतं की यंत्राचं? त्या डोळे मिटून बसत, चौकट अगदी हुबेहूब समोर येई, आणि आत काहीच नसे.

त्यांनी वर्गाला विचारलं. मुलांनी माना हलवल्या. पाहुणीच्या बाकावरची मुलगी म्हणाली, मी खूप मागे लागले होते बाई, पण ती म्हणाली तुम्ही सगळे हसाल, त्या दिवशीच हसा. मग पोरांनी दारावरचा कागद समोर घेऊन तर्क लढवायला सुरुवात केली. यात नाही असं काहीतरी, एवढं तर नक्की. समुद्रात बुडी मारणारी? घड्याळं दुरुस्त करणारी? पुलांची इंजिनिअर? सर्कशीतली? दवाखान्यात लहान मुलांना हसवणारी? एकेक काम ऐकलं की बाईंना वाटे हेच, आणि दुसऱ्या क्षणी वाटे छे. जगात कामं किती असतात हे त्यांना इतकी वर्षं तोच विषय शिकवूनही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

घरी वहिनींना हे सगळं सांगितल्यावाचून राहवलं नाही. वहिनी व्यवहारी. भाजी निवडता निवडता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वन्सं, तुम्हीच बनवा की. डॉक्टर लिहा. दवाखान्यात वाढलेली पोर, डॉक्टरच व्हायचं असणार तिला. आईच्या जिवाला बरं वाटेल, आणि कोणाचं काय जातंय?"

डॉक्टर दारावरच्या कागदावर आधीच होता, पण ते आईला कुठे ठाऊक? दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई लॅबमध्ये थांबल्या. फाइल उघडून त्यांनी डॉक्टर असं टाइप केलं. डॉक्टर दिवसभर काय करतात, काय शिकावं लागतं, त्रास कोणता, सगळं भराभर लिहून झालं. हात सराईत होता. मग शेवटची स्लाइड आली, मला हे काम का हवं. तिथे बोटं थांबली. त्या तिखट जिभेच्या, रुमाल बांधलेल्या पोरीच्या तोंडी आपण काय घालणार? मला लोकांची सेवा करायची आहे, असं? ती खो खो हसली असती. बाईंनी लिहिलेलं सगळं पुसलं. हात सवयीने सेव्हकडे निघाला तो त्यांनी मागे ओढला, आणि फाइल तशीच बंद केली. मग बाई त्या रिकाम्या लॅबमध्ये मोठ्याने रडल्या.

बोलायचा दिवस आला. मुलं तेल लावून, भांग पाडून आली होती. पालक भिंतीला टेकून उभे होते. पाहुणीची आई सगळ्यांच्या आधी आली. धुतलेली साडी, कडक इस्त्रीची. बाई तिला बाहेर जिन्याजवळ घेऊन गेल्या आणि कसलीही प्रस्तावना न करता सांगून टाकलं. मशीन बिघडलं नव्हतं. मी पुसलं. चुकून, पण मीच.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

"पण तुम्ही वाचलं होतंत ना?" तिने विचारलं.

"बघितलं होतं," बाई म्हणाल्या. "वाचलं नव्हतं. अक्षर दिसतं का, ओळ सरळ आहे का, एवढंच मी बघते. तिने काय लिहिलंय ते मी नीट वाचलंच नाही. मला माफ करा, असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू."

आई जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. आतून मोठ्या बाईंचं भाषण ऐकू येत होतं. मग तिने विचारलं, तिचं काहीच नाही राहिलं का? तेव्हा बाईंनी सांगितलं की मांडणी राहिली आहे. रंग तिने निवडलेले आहेत, शीर्षक सरकतं ते तिने ठरवलेलं आहे, आणि आत जी मुलं बोलणार आहेत त्या सगळ्यांच्या स्लाइड्स तिच्या चौकटीत आहेत. आईला यातलं किती कळलं कोण जाणे. "मग बसते मी," ती म्हणाली, आणि आत जाऊन शेवटच्या बाकावर बसली.

एकेक मूल पुढे आलं. नर्स, वायरमन, पायलट, वकील, न्हावी, बातम्या देणारी. प्रत्येक वेळी पडद्यावर ती निळसर हिरवी पट्टी उमटे आणि शीर्षक डावीकडून बिचकत आत येई. कोणी अडखळलं, कोणी पाठ केलेलं विसरलं, एकाने वडिलांकडे बघून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाई यावेळी अक्षरं बघत नव्हत्या. एकेक शब्द वाचत होत्या, अधाशासारख्या, आणि मुलं इतकं काही लिहितात हे बघून त्यांना स्वतःची लाज वाटत होती. पाहुणीची आई जरा पुढे झुकून बसली होती. आपलंच मूल बोलतंय असं ती प्रत्येकाचं ऐकत होती.

शेवटी शेवटी एक बुटकी मुलगी आली. तिला बेकर व्हायचं होतं. पहाटे सगळं जग झोपलेलं असताना आपण जागं राहून कामाला लागायचं, असं तिने लिहिलं होतं, आणि सकाळी लोक उठतात तेव्हा गल्लीभर ताज्या पावाचा वास सुटलेला असतो. आईने तोंडावर हात दाबून धरला.

कार्यक्रम संपला. पालक मुलांना घेऊन निघाले, खुर्च्या सरकल्या, प्रोजेक्टर बंद झाला. आई बाईंकडे आली. तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा उजळला होता. आमच्या घराखाली बेकरी आहे, तिने सांगितलं. औषधांनी पोरीला झोप लागायची नाही, पहाटे ती खिडकीशी जाऊन बसायची. काय बघतेस विचारलं की म्हणायची, ते उठलेत, मी एकटी नाहीये.

"सगळ्यांनी तिचंच घेऊन केलंय म्हणालात ना," आई म्हणाली. "मग यातलंच एखादं तिचं असणार. ते पाववालं तिचं, हो ना बाई? तेच असणार. बेकर व्हायचं होतं माझ्या पोरीला."

लॅबच्या दारावर तो कागद अजून चिकटलेला होता, आणि बेकर त्यावर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. पाहुणीने त्यावरून बोट फिरवून सांगितलं होतं की माझं यात नाही. तिला बेकर व्हायचं नव्हतं, एवढी एकच गोष्ट बाईंना तिच्याबद्दल खात्रीने माहीत होती.

"हो," बाई म्हणाल्या. "तेच असणार."